पुणे मेट्रो : वरची तार की तिसरा रूळ?

जुना_वायरमन
एकाच शहरात मेट्रोची वीज दोन प्रकारची, हे मला काही पटत नाही. वनाझ–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या महामेट्रोच्या मार्गांवर डोक्यावर २५ हजार व्होल्टची एसी (दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाची) तार. हिंजवडी–शिवाजीनगरला मात्र रुळांशेजारून ७५० व्होल्ट डीसीचा (एकाच दिशेच्या प्रवाहाचा) तिसरा रूळ. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन्हीकडे १४३५ मिमी, गाड्या दोन्हीकडे तीन डब्यांच्या, तरी इकडची गाडी तिकडे धावणार नाही.
साधा हिशोब करा. गाडीने वेग घेताना १.५ मेगावॅट ओढले असं धरू. ७५० व्होल्टला २००० अँपिअर लागतात, २५ हजारला जेमतेम ६०. एवढा प्रवाह लांबवर नेला तर व्होल्टेज पडतं, म्हणून डीसीला दर दोन-तीन किलोमीटरवर उपकेंद्र. जागा काय फुकट मिळते?

हिंजवडीचा_चाकरमानी
काका, गाड्या उसन्या द्यायच्या कोणी कोणाला? तो मार्ग पीपीपीवर, म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीत, टाटा-सीमेन्सकडे, गाड्या आल्स्टॉमच्या. महामेट्रोच्या टिटागढच्या, ॲल्युमिनियमच्या. सिव्हिल कोर्ट स्टेशनात मार्ग भेटतात, तिथे माणसं फलाट बदलतील, गाड्या नाहीत.
आणि तुमची एसी गाडी पोटाखाली ट्रान्सफॉर्मर वागवते, त्याचं काय? २५ हजार व्होल्ट उतरवायचे, त्याचं डीसी करायचं, मग इन्व्हर्टरने मोटरला हवं तसं तीन फेज एसी. तिसऱ्या रुळावर पहिले दोन उद्योग उपकेंद्रातच उरकतात. ते वजन दर स्टेशनाला थांबवा, परत पळवा, कशासाठी? शिवाय मेट्रोच्या उंच पुलावर खांब-तारांचं जंजाळ नाही, मांजा अडकायची कटकट नाही.

ब्रेकवाला
वजनावर भांडताय, ब्रेकचा विषय कोणीच काढला नाही! थांबताना मोटर जनित्र होते आणि वीज परत देते. एसीत ती ट्रान्सफॉर्मरमधून सरळ मागे जाते. दिल्ली मेट्रोला या ब्रेकिंगवर कार्बन क्रेडिट (प्रदूषण घटवल्याबद्दलची विकाऊ पत) मिळालेत. डीसीत उपकेंद्राचा साधा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) एकाच दिशेने चालतो. जवळपास दुसरी गाडी वेग घेत असेल तर ती वीज खाईल, नसेल तर रेझिस्टरमध्ये उष्णता. रात्री साडेदहाला कोण असतं शेजारी?

हिंजवडीचा_चाकरमानी
रात्री साडेदहाला आयटीवाले असतात हो :) कोलकाता १९८४ पासून तिसऱ्या रुळावर आहे. बंगळुरू, कोची, अहमदाबादही. गर्दीच्या वेळी गाड्या पाठोपाठ असतात, एकीची वीज दुसरी घेते. उरलेली वीज मागे पाठवायला उपकेंद्रात इन्व्हर्टर बसवता येतो.

प्लॅटफॉर्म_२
गाडी मध्येच बंद पडली आणि माणसं खाली उतरवायची वेळ आली तर? तार निदान डोक्यावर असते.

हिंजवडीचा_चाकरमानी
उतरवण्याआधी वीज तोडतात. रुळावर झाकणही असतं. तार तुटून पडली तर तीही काही फुलांची माळ नसते.

जुना_वायरमन
इन्व्हर्टर बसवला तर ब्रेकचं ऐकून घेतो. पण 'मालक वेगळे म्हणून वीज वेगळी' हे कारण तांत्रिक कसं? कंत्राट आज ना उद्या संपेल, पूल उभाच राहील. उद्या मार्ग जोडायचे ठरले तर २००० अँपिअरचा रूळ उखडून पुलावर खांब रोवायला कोण येणार? पीपीपी?

ब्रेकवाला
खांबांसाठी पुलाच्या कडेला जागा ठेवलीय का, ते आधी बघून या काका. मग भांडू.