‘टेक ऑन मी’ची रिफ बास गिटारवर : प्रश्न वेगाचा नाहीच

खर्जातला :
‘दीडपट’ यांचे परवाचे लिखाण वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो, आज मात्र राहवत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आ-हा या नॉर्वेच्या पॉप बँडच्या ‘टेक ऑन मी’ या गाण्याची सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, बास गिटारवर बसवणे ही निव्वळ बोटांच्या वेगाची बाब आहे, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) रोज पाच-पाच ठोक्यांनी चढवत नेला की पंधरा दिवसांत ती हातात येते आणि ज्यांना ती येत नाही त्यांनी रियाजच केलेला नसतो.

मी रियाज केला आहे आणि तो चार महिने केला आहे. दीडपट सांगतात त्याच पद्धतीने मी १५० पर्यंत पोहोचलो, फोनवर मुद्रित करून ऐकले आणि फोन उशीखाली ठेवून दिला. स्वर सगळे बरोबर होते, पण त्यांची खिचडी झाली होती.

१९८५ च्या मूळ गाण्याची लय मिनिटाला साधारण १६९ ठोके आहे. रिफ चार बारांची (चार-चार मात्रांच्या तुकड्यांची), म्हणजे सोळा मात्रांची. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले की बत्तीस जागा होतात, त्यांपैकी चोवीस जागांवर स्वर आहेत आणि आठ जागा रिकाम्या आहेत. सगळा घोळ या आठ जागांचा आहे. पहिल्या बारमध्ये एफ शार्प, एफ शार्प, डी, बी हे स्वर सरळ येतात, आणि मग तिसऱ्या मात्रेपासून सहाव्या मात्रेपर्यंत प्रत्येक मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा राहून स्वर दुसऱ्या अर्ध्यावर पडतो. दुसरा बार सुरू होतो तोच शांततेने. आ-हाचे मॅग्ने फुरुहोल्मेन यांच्या सिंथेसायझरवर कळ सोडली की स्वर आवरतो. बासची तार मात्र सोडून दिली तरी गुणगुणत राहते, आणि त्या रिकाम्या जागेला सेकंदाचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा मिळतो. तेवढ्यात डाव्या हाताचे बोट फ्रेटवरून (गिटारच्या दांडीवरच्या पट्टीवरून) अर्धवट उचलून, पण तारेला टेकलेलेच ठेवून, आवाज मारायचा असतो. बोट पूर्ण उचलले तर मोकळी तार बोलते, आणि कमी उचलले तर स्वर मरत नाही.

शेवटी मी मेट्रोनोम ६० वर आणला आणि प्रत्येक रिकाम्या जागी तोंडाने ‘हं’ म्हणू लागलो. घरच्यांना वाटले की मला दमा झाला. सहा आठवड्यांनी १६९ वर ती रिफ रिफसारखी वाजली. तेव्हा रियाज कोणी केला नाही, हे कृपया दीडपटांनी ठरवू नये.

दीडपट :
माझ्या लिखाणातले एक वाक्य उचलून त्यावर एवढी इमारत उभी केल्याबद्दल आभार. मी वेग म्हणतो तेव्हा त्यात स्वर थांबवण्याचा वेगही येतोच. तो वेगळा सांगावा लागेल असे मला वाटले नव्हते.

आता आपण ही रिफ वाजवता कोठे, तेही सांगून टाका. माझा अंदाज आहे की आपण दुसऱ्या फ्रेटपाशी बसून वाजवता : ए नावाच्या तारेवर दुसरा आणि पाचवा फ्रेट, डी तारेवर चौथा आणि दुसरा, जी तारेवर पहिला, दुसरा आणि चौथा. तेथे सगळे हाताखाली येते हे खरे, पण त्या सप्तकात वाजवलेली ही रिफ पलीकडच्या खोलीत कोणी भांडी सरकवत असल्यासारखी ऐकू येते. ती वर न्यावी लागते. एफ शार्प जी तारेच्या अकराव्यावर, डी आणि बी डी तारेच्या बाराव्या व नवव्यावर, मग जी तारेवरच ई नवव्यावर, जी शार्प तेराव्यावर, ए चौदाव्यावर, आणि वरच्या बीसाठी थेट सोळाव्यापर्यंत धाव. अशी वाजवली की लोक पहिल्या चार स्वरांत ओळखतात.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी मी ती दहा दिवसांत बसवली होती आणि सभागृह उभे राहिले होते. आपली खिचडी झाली, याचा दोष माझ्या पद्धतीवर टाकू नये.

मुकी तार :
सभागृह उभे राहिले ते रिफसाठी की चहाच्या सुटीसाठी, हा प्रश्न मी विचारणार नाही.

आपण दोघेही डाव्या हातावरच भांडत आहात, आणि माझ्या मते घोटाळा उजव्या हाताचा आहे. तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून वाजवायचे आपण शिकलेलो असतो, त्यामुळे रिकामी जागा आली की बोट थांबते आणि पुढच्या स्वराला कोणते बोट हे तेथल्या तेथे ठरवावे लागते. मी थांबतच नाही. मात्रेच्या पहिल्या अर्ध्याला तर्जनी, दुसऱ्या अर्ध्याला मध्यमा, हा नेम स्वर असो वा नसो पाळते, आणि रिकाम्या जागी तर्जनी तारेवर नुसती येऊन टेकते, म्हणजे तीच आवाज मारते. पिक (तार छेडायची चकती) वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे : हात खाली-वर चालूच राहावा आणि ते अडनिडे स्वर सगळे वरच्या फटक्यावर पडावेत. खर्जातला यांचा ‘हं’ माझ्या तर्जनीत आहे, एवढाच फरक.

जाता जाता एक तक्रार नोंदवते. आमच्या गावातल्या दुकानात बासच्या ४५-१०५ जाडीच्या चार तारा मागितल्या की दुकानदार हटकून सहा तारांचा गिटारसंच काढतो आणि वर “मॅडम, यातल्या चार वापरा” असे सुचवतो.

पेटीवाला :
मी बास वाजवत नाही, तरी राहवले नाही म्हणून लिहितो. एवढी फ्रेटची आकडेमोड करण्यापेक्षा पेटीची पांढरी सहा, म्हणजे ए, सा धरून स्वर लिहून टाकले असते तर चार ओळींत काम झाले असते (रेघ म्हणजे रिकामी जागा) :

ध ध म रे – रे – प
– प – प नि नि सां रें
सां सां सां प – म – ध
– ध – ध प प ध प

पाहा, सगळे शुद्ध स्वर आहेत आणि गंधार एकदाही नाही. सोळा मात्रा म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन आणि सगळे दुगुनीत, मात्रेला दोन जागा. गंमत अशी की पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, जेथे आपली टाळी पडते, तेथे शांतता आहे, आणि नवव्या मात्रेवर, जेथे आपली खाली (बिनटाळीची जागा) असते, तेथे तार षड्ज ओळीने तीनदा वाजतो. ज्याने हाताने टाळी-खाली धरून ठाह (संथ लय) आणि दुगुन केली आहे त्याला ही आठ रिकामी ठिकाणे आपोआप कळतील. गंधार नसल्याने मला तर दुर्गा रागाची छाया दिसते.

दीडपट :
निषाद आल्याबरोबर दुर्गा संपला. दुर्गात गंधारही नसतो आणि निषादही नसतो, हे आपणांस मी सांगावे लागावे, याचे आश्चर्य वाटते. प्रत्येक विलायती धुनेत राग शोधण्याची ही जुनी खोड आहे. माझ्या काकांनी एकदा मोटारीच्या हॉर्नमध्ये भूप राग शोधला होता.

पेटीवाला :
छाया म्हणालो, राग म्हणालो नाही. आपल्या काकांचे कान चांगले असावेत. मूळ मुद्दा असा की टॅबवर, म्हणजे फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदावर, आकडे वाचून जो शिकतो त्याचे बोट कोठे जाते हे त्याला कळते, पण स्वर कोणता हे त्याच्या कानाला कळत नाही. पट्टी बदलली की तो आंधळा. मी तीस वर्षे भजनी मंडळाची साथ केली. गायकाला ऐन वेळी काळी चार लागली तरी आमचे काही अडले नाही.

ओस्लोकर :
पेटीवाले काका, आपल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून येथे विरोध नोंदवतो. स्थिर सा धरून लिहिले की या रिफमधली खरी गोष्ट झाकली जाते. एफ शार्प, डी, बी हे तुमच्या लेखी ध, म, रे आहेत. पण त्यांच्याखाली बी मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजत असते आणि हे तीन स्वर म्हणजे तीच कॉर्ड तुकडे करून वरून खाली उतरवलेली आहे. दुसऱ्या बारमध्ये ई मेजर येते म्हणून ई आणि जी शार्प येतात, तिसऱ्यात ए मेजर म्हणून ए आणि ई. बास वाजवणाऱ्याला हे दिसले की हात आधीच योग्य जागी जाऊन बसतो. ते सरगमीत दिसत नाही.

येथे मी हौशी वादकांबरोबर दर गुरुवारी वाजवतो. आमच्यातल्या ढोलवादकाला, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्याला, मी एकदा हीच रिफ त्रितालात मोजून दाखवली. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग तू मागे का पडतोस?”

पेटीवाला :
कॉर्ड दिसते हे मान्य करतो, कारण न मानून सांगतो कोणाला. पण टॅबमध्ये तरी ती कोठे दिसते? तेथे नुसते ११, १२, ९ असे लिहिलेले असते, जणू बसचे क्रमांक. सरगम अपुरी असेल, टॅब मुकी आहे.

मुकी तार :
माझ्या नावावरून टीका करू नये.

टॅबबद्दल मात्र काकांशी सहमत आहे. मी शिकले त्या वर्गात आम्हाला वर्षभर टॅबच दिली गेली, आणि त्यातली कितीतरी चुकीची होती. या रिफच्या टॅबमध्ये आठही रिकाम्या जागा गाळून चोवीस आकडे एका रांगेत छापलेले होते. स्वर अचूक, आणि रिफ नाहीशी. सरांना विचारले तर म्हणाले, गाणे ऐकून समजून घ्या. मग कागद कशाला दिला होता, हे मी तेव्हा विचारले नाही, ते आज विचारते. पेटीवाले काकांनी वर निदान आडव्या रेघा तरी ओढल्या आहेत.

खर्जातला :
मुकी तार यांनी माझाच मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडला, याचे मला थोडे दुःख आहे. त्यांची तर्जनी टेकवण्याची युक्ती काल रात्री करून पाहिली. बोटाला अजून वळण लागलेले नाही. ‘हं’ मात्र निम्म्याने कमी झाला आहे.

दीडपट यांचेही एक म्हणणे मान्य करावे लागते. खालच्या सप्तकात ही रिफ गढूळ वाजते. पहिल्या ते पाचव्या फ्रेटमधले अंतर चौतीस इंची बासवर साडेसहा इंचांहून जास्त आहे, आणि तेथे ताणलेली बोटे वेळेवर उचलतही नाहीत. नवव्या ते तेराव्यामध्ये ते अंतर सव्वाचार इंचांच्या आत येते. तेव्हा आवाज मारण्यासाठीसुद्धा वरची जागा सोयीची आहे, हे मी लिहून देतो. ते त्यांनी पंधरा दिवसांच्या हिशेबात कोठे सांगितले नव्हते, हेही लिहून देतो.

एक विनंती आहे. आपण ही रिफ १६९ वर मुद्रित करावी आणि दुसऱ्या बारची पहिली अर्धी मात्रा कान लावून ऐकावी. मी ऐकणार नाही, आपणच ऐका.

ओस्लोकर :
आणि जमल्यास आ-हाच्याच मंडळींनी २०१७ मध्ये नॉर्वेतल्या गिस्के बेटावर अनप्लग्ड (बिनविजेच्या वाद्यांच्या) कार्यक्रमात ते गाणे किती संथ करून सादर केले तेही ऐकावे. वेग काढून घेतल्यावरही गाणे उभे राहते. वेग हाच प्राण असता तर ते तेथेच कोसळले असते.

दीडपट :
संथ गाणे उभे राहिले म्हणून जलद रिफ सोपी होत नाही, तेव्हा तो दाखला येथे लागू नाही.

मुद्रण केले. तीनदा केले. दुसऱ्या बारच्या पहिल्या अर्ध्या मात्रेवर आधीचा ई वाजत राहिलेला ऐकू येतो, तिन्ही वेळा. चौथ्या बारच्या सुरुवातीलाही एफ शार्प थोडा लोंबकळतो. लय मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत १६९ होती, याची सर्वांनी नोंद घ्यावी.