शाळेच्या संकेतस्थळाचं नाव कसं ठरवलंत? (अनुभव धागा)

आमच्या गावच्या हायस्कूलचं संकेतस्थळ आम्ही माजी विद्यार्थी मिळून उभं करतोय. मजकूर, फोटो तयार आहेत. गाडी अडलीय ती डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नावावर. संचालकांना संस्थेचं पूर्ण नाव हवंय, शिक्षकांना आद्याक्षरं. शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. चिपळूणकर-टिळक-आगरकरांनी १८८० साली पुण्यात या नावाची शाळा काढली. आज त्या नावाच्या शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. नुसतं नाव पुरणार नाही हे उघड आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा: काय निवडलं, का, आणि पुढे काय झालं.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा
नाव कोणतं घ्यायचं यापेक्षा ते कुणाच्या नावावर घ्यायचं, हे आधी ठरवा. मी रुजू झाले तेव्हा आमचं डॉट कॉम संकेतस्थळ चालू होतं, पण नोंदणी ते बनवून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर होती. तो काम सोडून परगावी गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या मेलवर जात राहिल्या, शाळेला पत्ताच नाही. डॉट कॉमची मुदत संपली की आधी थोडी वाढीव मुदत मिळते, मग ३० दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं होतं. आमचं तसंच गेलं. पुढे एक आई मोबाइल घेऊन ऑफिसात आली. शाळेच्या पत्त्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! तोच पत्ता आमच्या प्रवेश अर्जांवर, प्रगतिपुस्तकांवर छापलेला. गठ्ठेच्या गठ्ठे काढून शिपाईमामांनी आणि मी प्रत्येकावर कोरी पट्टी चिकटवली. लोक म्हणतात डोमेन म्हणजे तांत्रिक बाब. मी म्हणते, ती शाळेची मालमत्ता आहे, सातबाऱ्यासारखी. संस्थेच्या बैठकीत ठराव करा, नोंदणी संस्थेच्या नावावर करा, आणि मुदतीची तारीख मुख्याध्यापकांच्या चार्जच्या यादीत लिहा.

संगणक शिक्षक, सोलापूर जिल्हा
बाईंच्या शब्दाशब्दाशी सहमत. म्हणूनच मी शिक्षणसंस्थांसाठीचं डॉट ईडीयू डॉट इन सुचवेन. ते दुकानात मिळत नाही, केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या अर्नेट इंडियाकडूनच घ्यावं लागतं. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी अर्ज आणि मान्यतेचं पत्र जोडावं लागतं. थोडी धावपळ होते, पण ऐऱ्यागैऱ्याला ते नाव घेता येत नाही, हाच फायदा. आमच्या एका संचालकांना परदेशी विद्यापीठांसारखं नुसतं डॉट ईडीयू हवं होतं. ते २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थांनाच मिळतं, हे दाखवल्यावर विषय मिटला. अर्जावर मोबाइल नंबर ऑफिसचा द्या. शिक्षकांची बदली होते, ओटीपी त्यांच्यामागे जातो.

कनिष्ठ लिपिक, रत्नागिरी जिल्हा
जूनमध्ये प्रवेशासाठी दिवसभर फोन येतात आणि संकेतस्थळाचा पत्ता मीच सांगते, म्हणून लिहिते. आमच्या शाळेच्या नावात 'ज्ञान' आहे. कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. वर शेवटी 'विद्यालय'ला एक ए लावायचा की नाही, हा प्रश्न! शेवटी मोठ्या सरांनी यू-डायसवर (सरकारच्या शाळा-नोंदीत) आणि शाळेच्या शिक्क्यावर जे इंग्रजी स्पेलिंग आहे, तेच घेतलं. जी-वाय वालं नावही घेऊन ठेवलं, ते टाकलं तरी आमचंच पान उघडतं. मधे डॅश नको, असं मी आग्रहाने सांगितलं. फोनवर 'डॅश' म्हटलं की पालक एक तर जागा सोडतात किंवा खालची रेघ देतात, आणि खालची रेघ डोमेनमध्ये चालतच नाही. नाव ठरवण्याआधी ते फोनवरून कुणाच्या तरी आजोबांना सांगून बघा.

पालक, गोवा
आमच्याकडे शाळेच्या नावात गाव घालायचं तर वेगळीच पंचाईत. आम्ही म्हणतो म्हापसा, पाट्यांवर इंग्रजीत 'मापुसा'. ऐकून टाकणारा एम-एच ने सुरुवात करतो. शाळेने सरकारी स्पेलिंग ठेवलं, तेच बरोबर वाटतं.

माजी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर
आमच्या डोमेनमध्ये 'औरंगाबाद' होतं. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. नवं नाव पूर्ण घातलं तर पत्ता हातभर लांब होतो. ६३ अक्षरांची मर्यादा आहे खरी, पण इतकं टाकणार कोण? आम्ही शहर काढून शाळेच्या वसाहतीचं नाव घातलं आणि जुनं डोमेन चालूच ठेवलंय, कारण कितीतरी जणांकडे शाळेचा जुनाच ईमेल आहे. धाराशिव, अहिल्यानगरच्या शाळांनीही जुनं नाव सोडू नये. आणि 'हायस्कूल' हा शब्दही विचार करून घाला. आमच्याकडे नंतर ज्युनिअर कॉलेज आलं, तेव्हा त्यांचे शिक्षक रास्तपणे नाराज झाले.

मराठीच्या शिक्षिका, नाशिक
मराठी शाळेचा पत्ता मराठीत का नको? देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. आम्ही तेही घेतलं. पाचवीतल्या मुलीने फळ्यावरून बघून मोबाइलमध्ये स्वतः शाळेचं नाव टाकलं आणि शाळेचा फोटो उघडला, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मला फार आवडला. मात्र ईमेलसाठी रोमन पत्ताच ठेवा, पुष्कळ सरकारी फॉर्म देवनागरी ईमेल घेत नाहीत.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारच्या बैठकीत ठराव मांडतोय: शाळेची आद्याक्षरं, पुढे गावाचं नाव, डॉट ईडीयू डॉट इन, नोंदणी संस्थेच्या नावावर. जोडीला देवनागरी. एकच अडतंय. आमचं गाव बुद्रुक, ओढ्यापलीकडे खुर्द, आणि हायस्कूल दोन्हीकडे आहे. बुद्रुक-खुर्दवाल्या शाळांपैकी कुणी 'बुद्रुक' पूर्ण घातलंय का, की नुसतं 'बीके'?