मदत हवी आहे: सिडनीतल्या विक्का वर्तुळात अग्नी उत्तरेला की दक्षिणेला?

विक्का हा विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सुरू झालेला निसर्गपूजक पंथ; त्याचे विधी आखलेल्या वर्तुळात होतात. त्याची ओळख करून देणारा मराठी तक्ता तयार होतोय. ब्रिटिश मांडणी सरळ आहे: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. वर्तुळ आखायचं सूर्याच्या चालीने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखं.

घोळ दक्षिण गोलार्धात होतो. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला, त्यामुळे बरेच जण अग्नी उत्तरेला, पृथ्वी दक्षिणेला नेतात आणि वर्तुळ उलट्या दिशेने आखतात. सणही सहा महिने सरकतात: साउइन, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा सण, ३१ ऑक्टोबरऐवजी एप्रिलअखेरीस. पण नुसती तत्त्वं बदलून फेरा तसाच ठेवला, तर क्रम वायू, पृथ्वी, जल, अग्नी असा विस्कटतो. नवख्यांची हीच चूक होते.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला दिशांचा. सिडनीला समुद्र पूर्वेला आहे. तिथले लोक जल पूर्वेला नेतात का, आणि मग वायू कुठे जातो? दुसरा अथामेचा, म्हणजे विधीच्या दुधारी सुरीचा. काही परंपरांत ती वायूची आणि छडी अग्नीची, काहींत नेमकं उलट. तक्त्यात दोन्ही दिले तर वाचणारा गोंधळेल, एकच दिला तर अर्धे लोक भांडतील. गार्डनेरियन, म्हणजे जेराल्ड गार्डनर यांच्यापासून चालत आलेल्या विक्का परंपरेची नीट माहिती असलेल्यांनी कृपया सांगा. चषक जलाचा आणि पेंटॅकल, म्हणजे पंचकोनी ताऱ्याची तबकडी, पृथ्वीचं, यावर वाद नाही.