ख्याल आणि तबला ऐकण्यासाठी स्पीकर: दोन जोड्यांची तुलना कशी करावी?

प्रश्न
आमची बैठकीची खोली 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे आणि तिथे मुख्यतः ख्यालगायन व तबल्याचे एकलवादन ऐकले जाते. दुकानात ऐकलेल्या दोन जोड्यांपैकी एक अधिक भरीव वाटली, पण तीच जोडी एका स्नेह्यांच्या घरी ऐकली तेव्हा डग्गा घुमत होता आणि बंदिशीचे शब्द त्यात बुडत होते. कानांवर भरवसा ठेवूनच निवड करायची, तर ऐकावे कसे?

प्रतिसाद 1
दुकानात दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा केला होता का, हे आधी विचारा. अँप्लिफायरची कळ न हलवता 88 डेसिबल संवेदनशीलतेची (म्हणजे ठरावीक वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, त्या मापाची) जोडी 85 डेसिबलच्या जोडीपेक्षा 3 डेसिबलने मोठी वाजते आणि दुसरीला तेवढी पातळी गाठायला दुप्पट वॉट लागतात. फरक याहून लहान असेल, तर तो मोठा आवाज म्हणून लक्षातही येत नाही. स्पीकरच भरीव आहे असे वाटते. पातळी वाढली की खर्जाकडचे स्वर कानाला तुलनेने अधिक ऐकू येतात, हे श्रवणसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवले होते. म्हणून एकाच खुर्चीवर बसून, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सळसळता आवाज) लावून, फोनवरच्या मापकाने दोन्ही जोड्या सारख्या करून घ्या. याशिवाय केलेली तुलना मी तरी ग्राह्य धरणार नाही.

प्रतिसाद 2
वरील मताशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो: शक्य असल्यास जोड्या पातळ कापडाआड ठेवा. ध्वनिसंशोधक टूल आणि ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्पीकर डोळ्यांसमोर असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांपेक्षा वेगळे निघाले होते.

ध्वनिमुद्रण मात्र आपल्या रोजच्या ऐकण्यातलेच न्या. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐकताना स्वर चढत किंवा उतरत असताना वजन एकसारखे राहते, की एखाद्या स्वरावर अचानक फुगते, याकडे लक्ष द्या. फुगत असेल तर स्पीकरची पेटी किंवा खोली त्या स्वराला साथ देते आहे. तानपुऱ्याची जवारी वरच्या पट्ट्यातला दोष लगेच उघड करते: चांगल्या स्पीकरवर ती झंकारत राहते, सदोष स्पीकरवर तिचा नुसता किरकिराट होतो.

प्रतिसाद 3
स्नेह्यांकडचे घुमणे मला खोलीचे वाटते. तुमच्या खोलीतही तसे होऊ शकते: तिच्या 12 फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झला स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींवर आपटून जागच्या जागी फुगणारा आवाज) उभी राहते आणि तिची दुप्पट, म्हणजे 94 हर्ट्झ, डग्ग्याच्या टप्प्यात येते. भिंतीशी या लहरींचा दाब सर्वाधिक असतो, म्हणून स्पीकर आणि सोफा दोन्ही भिंतीला टेकवू नका. स्पीकर दोन-अडीच फूट पुढे घेऊन पाहा.

प्रतिसाद 2 मधील कसोट्या दुकानात उपयोगी पडतील, परंतु जोडी थकवते का, हे पूर्ण विलंबित ख्याल ऐकल्यावरच कळते. त्यामुळे घरी काही दिवस वाजवून परत करण्याची मुभा देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, किंमत थोडी अधिक पडली तरी.