ग्रीन टी: हौस, औषध की नुसती तोंडं वाकडी?

अर्धाकप:
आमच्या ऑफिसात चार वाजले की निम्मी माणसं मशीनचा चहा सोडून कपात पिशवी बुचकळत बसतात. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. विचारलं तर 'वजन कमी होतं'. माझं मत: वजनासाठी ग्रीन टी पिणं म्हणजे स्वतःला फसवणं. कोक्रेन ही औषधोपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१२च्या आढाव्यात घटलेलं वजन इतकं किरकोळ निघालं की धरण्यात अर्थ नाही. साखर-दुधाचे दोन कप सुटले म्हणून काटा हलतो, कौतुक मात्र पिशवीचं.

सहाचाठोका:
वजनाचं सोडा हो. जपानच्या मियागी प्रांतातल्या ४०,५३० लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांत, एक कपही न पिणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण पुरुषांत १२ आणि बायकांत २३ टक्क्यांनी कमी होतं. हृदयविकार आणि पक्षाघातात फरक जास्त. आणि हे आजचं खूळ नाही. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१मध्ये चीनहून चहाचं बी घेऊन जपानला परतला आणि १२११मध्ये त्याने चहाच्या औषधी गुणांवर ग्रंथच लिहिला.

अर्धाकप:
त्याच अभ्यासात कॅन्सरच्या मृत्यूंत फरक दिसला नाही, ते बरं विसरलात! शिवाय पाच कप पिणारी माणसं खातात काय, चालतात किती, हे सगळं पुरतं वेगळं काढता येत नाही. आणि ग्रंथ आठशे वर्षं जुना आहे म्हणून माझा रक्तदाब उतरणार नाही.

खलबत्ता:
भांडा सौख्यभरे. पण तोंडं वाकडी होतात ती पाण्यामुळे. उकळतं पाणी ओतायचं, पिशवी दहा मिनिटं तशीच, मग कडू नाही तर काय होणार? काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचे. पानं खुडल्यावर लगेच गरम केली की काळी पडत नाहीत. चीनमध्ये बहुतेक कढईत परततात, जपानात वाफवतात. मी पाणी उकळून गॅस बंद करते, झाकण काढून ठेवते, ७५-८० अंशांवर आलं की पानं टाकते आणि दोन मिनिटांत गाळते. जपानी पानाला चक्क मटार सोलताना येतो तसा वास येतो.

पोळीभाजी:
आमच्या आईचं ऐका. जेवण झालं की लगेच ग्रीन टी, का तर पचन. हिमोग्लोबिन ९वर आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आधी तो कप हलवला. चहातली पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देत नाहीत. शाकाहारी घरात हे कोणी सांगत नाही. आता ती चार वाजता पिते.
आणि अर्काच्या कॅप्सूल तर नकोच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलंय, पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) घेतलं तर यकृताला त्रास होण्याची लक्षणं दिसतात.

सहाचाठोका:
कॅप्सूलचं मान्य. कपाचं नाही.

नवखा_चहाबाज:
आमच्या परसात कुंडीभर ग्रीन टी आहे, लांब पात्यांचा. तोही ८० अंशांवरच करायचा का?

अर्धाकप:
अहो, तो गवती चहा! त्यात चहाचं पानच नाही. आलं ठेचून घाला आणि खुशाल खळखळून उकळा. त्याच्याशी माझं काही भांडण नाही.