अमेरिकेचं राजकारण तुमच्या घरात कधी शिरलं? (अनुभव धागा)

धागाकर्ती, एडिसन, न्यू जर्सी

२०२५ च्या ऑक्टोबरात आईचा सांगलीहून फोन आला, आवाज एकदम चिंतेचा. "अगं तिकडे सरकारच बंद पडलंय म्हणे, दूधबिध मिळतंय ना?" मी म्हटलं आई, संसदेत खर्चाला मंजुरी मिळाली नाही म्हणून केंद्र सरकारची बरीच कामं थांबलीत एवढंच, दूध मिळतंय, पोरांच्या शाळा चालू आहेत, कचऱ्याची गाडी पण आली सकाळी. तिला काही ते पटलं नाही, कारण टीव्हीवर तर सगळं बंद दाखवत होते. फोन ठेवल्यावर विचार केला की खरंच, आपल्याला ही बातमी कधी जाणवते? मला जाणवली ती अंड्यांमुळे. मार्च २०२५ मध्ये डझनाचा देशभरातला सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंट झाला होता, आमच्या दुकानात तर "एका गिऱ्हाईकाला दोनच डझन" अशी पाटी. बर्ड फ्लूने कोंबड्या माराव्या लागल्या म्हणून अंडी महाग, पण दुकानाच्या रांगेत पुढचा माणूस बायडनला शिव्या घालत होता आणि मागची बाई ट्रम्पला, आणि मी मधे अंडी छातीशी धरून.

तर असे अनुभव लिहा. कोण चूक कोण बरोबर यावर भांडायला बाकीचं इंटरनेट आहे. इथे फक्त स्वतःसोबत किंवा घरात घडलेलं, जुनं-नवं काहीही चालेल.

चँडलर, ॲरिझोना (आता टेक्सास)

मग मला २००८ लिहू द्या, कारण नवीन पोरांना ते खरं वाटत नाही.

आम्ही २००६ च्या उन्हाळ्यात फिनिक्सजवळ घर घेतलं. म्हणजे बरोब्बर शिखरावर, नंतर कळलं. तेव्हा वातावरणच असं होतं की घर न घेणारा म्हणजे मूर्ख. ब्रोकरने पगाराचा कागद नीट बघितला पण नाही, "सुरुवातीला व्याज कमी, नंतर रिफायनान्स करू" म्हणाला. ते ॲडजस्टेबल मॉर्गेज (व्याजदर पुढे बदलणारं घरकर्ज) प्रकरण मला तेव्हा अर्ध पण कळलं नव्हतं, आणि मी इंजिनियर बरं का.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगायचं तर फिनिक्समध्ये घरांच्या किमती २०११ पर्यंत निम्म्याहून खाली आल्या. पण मला आठवतो तो वास. आमच्या गल्लीत बहुतेक घरांना मागे स्विमिंग पूल. लोक घर सोडून जायला लागले, किल्ल्या पाकिटात घालून टपालाने बँकेला पाठवून द्यायचे आणि रातोरात ट्रक भरून गायब. मग त्या पूलचा पंप बंद, पाणी हिरवं, त्यात डास. वाळवंटात राहून आम्ही संध्याकाळी कासव छाप शोधत होतो! शेजारचा एक मेक्सिकन गृहस्थ, ड्रायवॉलचं काम करायचा, त्याच्या पोरीसोबत माझी पोरगी खेळायची. एका सोमवारी पोरगी परत आली आणि म्हणाली त्यांच्या घरात कोणीच नाही, फक्त कुत्र्याचा बोल आहे बाहेर.

२९ सप्टेंबर २००८ ला हाउसने (संसदेच्या खालच्या सभागृहाने) ते बँका वाचवायचं ७०० अब्ज डॉलरचं बेलआउट पाडलं आणि शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी आपटला, मी ऑफिसात होतो, कोणी काम करत नव्हतं, सगळे एकाच मॉनिटरभोवती. आमचा सिनेटर मॅकेन अध्यक्षपदाला उभा होता, त्याने याच्या आधीच्या आठवड्यात प्रचार थांबवतोय असं जाहीर केलं होतं. ऑफिसातला एक कट्टर रिपब्लिकन म्हातारा म्हणाला, "आपलं घर वाचवायला कोण प्रचार थांबवणार?" बेलआउट चार दिवसांनी पास झालं. बँका वाचल्या. आम्ही मात्र घराच्या किमतीपेक्षा दीडपट कर्ज फेडत बसलो, सोडून गेलो नाही कारण एच-१ वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) होतो, ग्रीन कार्डच्या फाइलवर डाग नको ही भीती. ती भीती बरोबर होती का माहीत नाही. २०१४ ला विकलं, तोट्यातच.

सॅन होजे, मॉर्गेज २.७५%

वरच्या प्रतिसादानंतर माझं लिहायला लाज वाटतेय. २०२१ मध्ये आम्हाला पावणेतीन टक्क्याने कर्ज मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवीन कर्जाचा दर ८ च्या आसपास गेला. आता घर लहान पडतंय, सासूबाई येऊन सहा महिने राहिल्या की हॉलमध्ये गादी, पण हलता येत नाही कारण हा दर सोडून नवीन कर्ज कोण घेणार? बायको म्हणते फेडने (म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेने) आपल्याला याच घरात स्थानबद्ध केलंय.

बक्स काउंटी, पेनसिल्वेनिया

आम्ही न्यू जर्सीत दहा वर्षं राहिलो, निवडणुकीला एक कुत्रं विचारायचं नाही. मग डेलावेअर नदी ओलांडून पलीकडे घर घेतलं, पंधरा मिनिटांचं अंतर, आणि एकदम आम्ही महत्त्वाचे लोक झालो, कारण हे राज्य कुठल्याही पक्षाकडे झुकू शकतं! २०२४ मध्ये रोज टपालपेटीत सात-आठ चकचकीत पत्रकं, फोनवर मेसेज, दारावर कॉलेजची पोरं. एक मुलगा तर "नमस्ते" म्हणाला हात जोडून, कोणीतरी शिकवून पाठवलेलं दिसत होतं. टीव्हीवर जाहिरातींच्या मधे बातम्या. गंमत म्हणजे चॅनल फिलाडेल्फियाचेच असल्यामुळे नदीपलीकडच्या माझ्या मित्राला पण त्या सगळ्या जाहिराती बघाव्या लागल्या, त्याच्या मताला किंमत शून्य तरीही.

२०२० ला माझं पहिलं मत. पोस्टाने दिलं. मंगळवारी मतदान आणि शनिवारी सकाळी निकाल, त्या चार दिवसांत पुण्याहून मामांचे फोन, "काहीतरी गडबड आहे, एवढे दिवस लागतात का, आपल्याकडे एका दिवसात होतं." त्यांना सांगून दमलो की मामा, आमच्या राज्याचा कायदाच असा आहे की पोस्टाने आलेली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायचीच नाहीत. लाखो पाकिटं, उघडा, सही बघा, सरळ करा, मशीनमध्ये घाला. वेळ लागणारच ना. हा नियम बदला म्हणून काउंटीवाले आधीपासून ओरडत होते, पण दोन्ही पक्षांचं जमलं नाही. मग त्याच उशिरावर एवढं रामायण झालं. मामा अजून म्हणतात गडबडच होती.

जिम आणि दोन टीव्ही, डेन्व्हर

माझा अनुभव मीडियाचा. आमच्या जिममध्ये शेजारी शेजारी दोन ट्रेडमिल, समोर दोन टीव्ही, एकावर फॉक्स (रिपब्लिकनांकडे झुकलेलं) आणि एकावर एमएसएनबीसी (डेमोक्रॅटांकडे झुकलेलं, आता नाव एमएस नाऊ). आवाज बंद, खाली अक्षरं पळतात. अर्धा तास पळताना दोन वेगवेगळ्या देशांच्या बातम्या बघून होतात. सभासदांनी ट्रेडमिल पण वाटून घेतलेत आता.

मी इथे आलो २००७ ला, तेव्हा शहरात दोन मोठे पेपर होते. रॉकी माउंटन न्यूज मी घ्यायचो, कारण त्याचा आकार लोकल ट्रेनमध्ये वाचता येईल असा, सवय हो. २७ फेब्रुवारी २००९ ला शेवटचा अंक आला. दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने पण उरले नव्हते. तो अंक मी ठेवलाय. बातम्या एकतर्फी व्हायचं खरं कारण म्हणजे १९८७ मध्ये फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकली, दोन्ही बाजू दाखवायचं बंधन गेलं आणि फॉक्सचं फावलं.

बक्स काउंटी, पेनसिल्वेनिया

@डेन्व्हर, अवांतर आहे पण तो नियम रेडिओ आणि अँटेनाच्या चॅनलना होता हो. केबलला लागूच नव्हता. रेडिओवरचे तासन्‌तास बडबडणारे आले ते त्यानंतर, एवढं खरं.

जिम आणि दोन टीव्ही, डेन्व्हर

बरोबर, मान्य. मी पण हे कुठेतरी व्हॉट्सॲपवरच वाचलं होतं, मामांना हसायचा हक्क नाही मला.

डे मॉइन, आयोवा

आयोवाच्या कॉकसबद्दल (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला देशात सगळ्यात आधी आमच्याकडे भरायची ती बैठक) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ३ फेब्रुवारी २०२०, सोमवार, कडाक्याची थंडी, शाळेच्या जिममध्ये संध्याकाळी सात वाजता. मला वाटलं मत टाकून अर्ध्या तासात घरी, म्हणून कुकर लावून गेले होते (नवरा घरी होता, काळजी नको).

तिथे मतपेटीच नाही! भिंतींवर उमेदवारांची नावं, आणि ज्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर. माझी बॉस एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात १५ टक्के भरले नाहीत तो कोपरा बाद, आणि त्यातली माणसं आता मोकळी, त्यांना ओढायला बाकीचे धावतात. आमचा कोपरा चार माणसांनी पडला. लगेच एक आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या, "आमच्याकडे या, कुकीज आहेत." दुसरीकडून शाळेतल्या मास्तरांनी हेल्थ इन्शुरन्सवर अगदी मनापासून दोन मिनिटं भाषण दिलं. मी मास्तरांकडे गेले आणि जाताना कुकी पण घेतली. लहानपणी कोल्हापुरात आमच्या वाड्यात गणपतीच्या मंडळाचा अध्यक्ष असाच ठरायचा, फक्त तिथे शेवटी कोणीतरी रुसून जायचं.

एवढं सगळं करून रात्री निकालच नाही. मोजणी कळवायचं ॲप बोंबललं. सगळं जग आमच्यावर हसलं. २०२४ ला डेमोक्रॅटांनी आमचा पहिला नंबर काढून साउथ कॅरोलायनाला दिला. मला अजून वाईट वाटतं, पण रात्रपाळी करणारी माझी मैत्रीण म्हणाली, "सोमवारी सातला तुला जमतं, मला कधीच जमलं नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जर्सी सिटी, एच-१बी

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. बायको पुण्यात, रविवारी सर्वपित्री म्हणून. तिचे वडील आदल्या वर्षी गेले. इथे संध्याकाळी बातमी, एच-१बी व्हिसाला एक लाख डॉलर फी, शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीपासून लागू. कोणाला लागू, नवीन अर्जाला की सगळ्यांना, कुठे स्पष्ट नाही. तिच्या कंपनीच्या वकिलांचा ईमेल: देशाबाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या. तिकडे शनिवारची पहाट. तिने मिळेल ते तिकीट काढलं, नेहमीच्या तिप्पट, एक्सप्रेस वेवर भावाने गाडी कशी हाणली ते तो अजून सांगत नाही. सासूबाईंनी खिरीसाठी दूध आटवायला ठेवलं होतं.

ती विमानात असतानाच इथे शनिवारी दुपारी खुलासा आला की फक्त नवीन अर्जांना, आणि एकदाच. ती न्यूअर्कला उतरली, फोन चालू केला, आणि मला पहिलं वाक्य, "म्हणजे उगाच आले?" रविवारचं पान मेव्हण्याने ठेवलं गच्चीवर. कावळा लवकर शिवला म्हणे. तिकिटाचे पैसे कंपनीने दिले, ते मात्र कबूल केलं पाहिजे.

गेथर्सबर्ग, मेरीलँड

धागाकर्तीच्या आईंना सांगा की आमच्या घरी सरकार खरंच बंद होतं. नवरा फेडरल (केंद्र सरकारी) नोकरीत. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस. त्याचं काम "अत्यावश्यक", म्हणजे रोज जायचं, पण पगार नंतर. पहिला पगार अर्धवट आला, पुढचे शून्य. दिवाळीत नवीन कपडे फक्त पोरांना. क्रेडिट युनियनने (आपल्या पतपेढीसारखी) बिनव्याजी उसने दिले म्हणून हप्ता गेला. २०१९ च्या कायद्याने मागचा पगार मिळणार हे माहीत होतं, पण मधेच व्हाइट हाउसकडून "घरी बसलेल्यांना मिळेलच असं नाही" अशी कुजबुज आली आणि आमच्या गल्लीत, जिथे दर तिसरं घर सरकारी आहे, लोक एकमेकांशी बोलायचे थांबले. खासदारांचा पगार मात्र चालू, तो घटनेतच लिहिलाय.

शेजारी मराठी वहिनी आहेत, त्यांनी चकल्यांचा डबा आणून दिला आणि म्हणाल्या जास्त झाल्या होत्या. जास्त झाल्या नव्हत्या, मला माहितीये त्या किती मोजून करतात.

चिंचवड (अमेरिकेत कधी गेले नाही)

मी लिहिलं तर चालेल का? मुलगा बॉस्टनला. दरवर्षी दिवाळीचा फराळ पोस्टाने पाठवते, खाजगी कुरिअर मला महाग पडतं. २०२५ ला गणपतीच्या आधीच पोस्टात गेले तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, काकू, २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं पार्सल बंद. ८०० डॉलरच्या आतल्या वस्तूला तिकडे कर नव्हता, ती सवलत काढली, आता कर गोळा कोणी करायचा हेच ठरलं नाही. गणपती बसले त्याच दिवशी आपल्या मालावर ५० टक्के कर चालू झाला हे नंतर पेपरात वाचलं. पार्सल परत सुरू झालं १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. करंज्या मी केल्याच नाहीत मग. मुलगा म्हणाला इथे दुकानात मिळतात, ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

कोलंबस, ओहायो

आम्ही २००५ पासून इथे. ग्रीन कार्डची तारीख २०१४ ची, म्हणजे अजून रांगेतच. टॅक्स सगळे भरतो, मत शून्य. २०२४ ला आमच्या घरात पहिली मतदार झाली, मुलगी, जन्म इथला, नुकती अठरा. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर तिच्या दोन्ही बाजूंना बसलो, जशी तिची पहिलीची पाटी घेऊन बसायचो तसे. नमुना मतपत्रिका भलीमोठी, अध्यक्ष वर, मग सिनेटर, न्यायाधीश, आणि खाली चक्क कॉरोनर. "बाबा, मेलेल्यांची चौकशी करणारा पण निवडून द्यायचा?" मला वीस वर्षांत हे माहीत नव्हतं.

वरच्या नावांवर तिने आमचं काही ऐकलं नाही, ठीक आहे. मी एकच विनंती केली, खाली शाळेच्या लेव्हीला हो म्हण, घरपट्टी मी भरतो, वाढली तरी चालेल. मतदान करून आली, दंडावर स्टिकर. विचारलं, लेव्हीचं काय केलंस?

"नो केलं. माझी शाळा संपली ना."