एकच रांग म्हणजे समता का? अभ्यासिकेतल्या वीस जागांवरून

पेठकरी (धागाकर्ता) :
कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतील एका अभ्यासिकेत साठ जागा आहेत. त्यांपैकी वीस जागा चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा अशा डोंगराळ तालुक्यांतून स्पर्धा परीक्षांसाठी शहरात आलेल्या मुलामुलींकरिता निम्म्या शुल्कात राखून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या रिक्षाचालकाच्या मुलीला जागा नाही म्हणून परत पाठवले; त्याच सकाळी त्या वीसपैकी एका जागेवरचा मुलगा आपली चारचाकी गल्लीत कुठे लावावी या विवंचनेत होता. त्या मुलावर माझा राग नाही. परंतु राज्यघटनेचा अनुच्छेद १४ कायद्यापुढे समानता सांगत असेल, तर माणसांची अशी वर्गवारी सुरू झाली की समता तिथेच संपते, असे माझे स्पष्ट मत आहे. एक रांग, एक शुल्क आणि आधी येईल त्याला जागा, एवढा नियम पुरे.

बावड्याचा वकील :
आधी एक रुक्ष खुलासा करतो. अनुच्छेद १४ राज्यसंस्थेला बांधतो. खाजगी अभ्यासिकेविरुद्ध त्याचा आधार घेऊन दाद मागता येणार नाही. तत्त्वाची चर्चा मात्र अवश्य व्हावी, पण मग अनुच्छेद पूर्ण वाचावा. त्यात ‘कायद्यापुढे समानता’ आणि ‘कायद्याचे समान संरक्षण’ असे दोन शब्दप्रयोग आहेत, आणि आपण पहिल्यावरच थांबलात. वर्गवारी केली की समता संपते, असे न्यायालयांनी मानलेले नाही. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात दोन कसोट्या सांगितल्या गेल्या : भेद कशावरून केला हे स्पष्ट कळले पाहिजे, आणि त्या भेदाचा कायद्याच्या उद्देशाशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे. त्याच खटल्यात विशेष न्यायालयांकडे वाटेल तो खटला सोपवण्याचा सरकारचा अधिकार या कसोटीवर टिकला नाही, हेही लक्षात घ्यावे. कसोटी नावापुरती नाही.

डोंगरवाट :
मी चंदगड तालुक्यातली. ‘आधी येईल त्याला जागा’ हा नियम ऐकायला निर्मळ वाटतो, पण दोन गल्ल्या पलीकडे राहणारा नेहमीच आधी येतो. आम्हाला जाहिरात कळेपर्यंत, एस. टी. मिळेपर्यंत आणि कॉट बेसिसवर खोली सापडेपर्यंत तुमची रांग भरलेली असते. उच्च न्यायालयाचेच उदाहरण घ्या. कायदा सर्वांना एकच होता, मुंबईचे दारही सर्वांना उघडे होते, तरी तिथवरचे पावणेचारशे किलोमीटर अंतर गरीब पक्षकाराला परवडत नव्हते. म्हणून तर ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ, सुरू होईपर्यंत सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार वर्षानुवर्षे मागणी करत राहिले.

पेठकरी :
ताई, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सर्किट बेंचने कोणासाठी वेगळी रांग लावली नाही. न्यायालयच सहा जिल्ह्यांतील श्रीमंत-गरीब सर्वांच्या जवळ आणले. तसे चंदगडला अभ्यासिका काढा, मी वर्गणी देतो. पेठेतल्या मुलीची खुर्ची काढून घेणे हा त्यावरचा उपाय कसा?

निवृत्त शिक्षक, उत्तरेश्वर :
ही चर्चा कोल्हापुरात चालू आहे आणि अजून कोणी २६ जुलै १९०२ चा उल्लेख केला नाही, याचे नवल वाटते. शाहू महाराजांनी त्या दिवशीच्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तेव्हाही गुणवत्तेच्या आणि ‘एकाच रांगे’च्या नावाने विरोध झालाच होता. त्या आदेशातील एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते : खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा अहवाल दर तिमाहीला सादर करायचा होता. जागा राखून महाराज थांबले नाहीत, त्या कोणाला मिळतात हे तपासण्याची सोयही त्यांनी करून ठेवली. आपल्या अभ्यासिकेने त्या वीस जागांचा असा हिशेब कधी मांडला आहे का?

पेठकरी :
गुरुजी, महाराजांच्या आदेशाशी या वीस जागांची तुलना मला मान्य नाही. तिथे जात हीच अडचण होती, म्हणून जात पाहणे सयुक्तिक ठरले. तालुका ही अडचण नव्हे. पन्नास एकर ऊसवालाही राधानगरीचाच असतो.

बावड्याचा वकील :
आता आपण वर्गवारी नको या भूमिकेवरून वर्गवारी चुकीची आहे या भूमिकेवर आलात, आणि इथे मी आपल्याशी बराचसा सहमत आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांसाठीचे आरक्षण वैध ठरवले, पण त्यातील पुढारलेला स्तर, ज्याला आपण क्रीमी लेयर म्हणतो, वगळायला सांगितला. अभ्यासिकेनेही तालुक्यासोबत उत्पन्नाचा दाखला मागावा.

डोंगरवाट :
दाखल्याची गंमत आम्हाला विचारा. शेतीचे उत्पन्न कागदावर किती दाखवले जाते हे गावात सर्वांना ठाऊक असते. चारचाकीवाला दाखला घेऊन सर्वांत आधी हजर होईल आणि शेतमजुराची मुलगी तलाठी, सेतू केंद्र आणि तहसील यांच्या फेऱ्यांत दोन दिवसांची मजुरी बुडवेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्ये महिलांना मोफत वकील देताना उत्पन्नाची अट ठेवलेली नाही, ती का, याचा विचार वकीलसाहेबांनी करावा. काही वेळा पुरावा मागणे हीच पहिली पायरी इतकी उंच असते, की ज्याच्यासाठी सोय केली तोच खाली राहतो.

बावड्याचा वकील :
मुद्दा मान्य. पण अट नसली की सधन घरातील महिलेलाही ती सोय मिळते, हेही खरे; कायद्याने ती किंमत जाणूनबुजून स्वीकारली आहे. वीस जागांत इतकी ढिलाई परवडत नाही.

निवृत्त शिक्षक, उत्तरेश्वर :
मग दाखला बाजूला ठेवून मुलांशी बोलावे. कुठे राहतो, जेवणाचे काय, घरातून पहिलाच पदवीपर्यंत पोहोचलास का, एवढे तीन प्रश्न पुरतात. चाळीस वर्षे वर्ग सांभाळल्यावर सांगतो, मूल फार काळ खोटे बोलू शकत नाही.

पेठकरी :
गुरुजी, मुलाखत घेणारे आपण असाल तर माझी हरकत नाही. पण उद्या तिथे दुसरा कोणी बसेल आणि आपल्या भावकीतल्याला जागा देईल. मला ‘एक रांग’ हवी आहे ती याच भीतीने. रांगेला कोणाचा चेहरा दिसत नाही. तूर्त त्या वीस जागा कोणाकोणाला मिळाल्या याची यादी फलकावर लावण्याची मागणी मी या रविवारी लेखी देणार आहे. डोंगरवाट ताईंची त्या अर्जावर सही मिळाली तर बरे होईल.

डोंगरवाट :
सही देते. रिक्षाचालकाच्या त्या मुलीलाही निम्म्या शुल्काची जागा मिळावी, हे वाक्य त्यात घाला. आमच्या वीस जागा कमी न करता.